लोहाऱ्याचं गाणारं मशीन

“न्हाय वो तात्या, ती कुठली गाती! ती नुसती कीबोर्ड वाजवती. आवाज कॉम्प्युटरचा हाय. एआय म्हणत्यात त्याला.”

मी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीमागे हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी होते. बोलत होता आमच्या बँडचा ड्रमर, आणि ऐकत होते माझे थोरले चुलते. आज भाजीला वांगं केलंय, असं सांगावं इतक्या सहज त्यानं ते सांगितलं.

“व्हय का?” तात्या म्हणाले. “माकणीत चार जणं म्हणले, ह्यो तुमच्या पुतणीचा आवाज हाय म्हणून. म्हणलं, एकदा इचारून यावं.”

“आवाजासारखा आवाज असतोय की, तात्या.”

“असतोय की.” तात्यांचा सूर एकदम मोकळा झाला. “पण काय बी म्हण, मशीन लई ग्वाड गायलंय.”

दोघं हसले. ड्रमरनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला. तासाभरात आमच्या दुसऱ्या अल्बमचं प्रकाशन होणार होतं. त्यातली सगळी गाणी मी लिहिली होती आणि सगळी मीच गायली होती.

आमचा बँड चौघांचा. ड्रमर, गिटारवाला, बेसवाला आणि मी. आम्ही एकाच शाळेतले. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण ते तिघं शाळेच्या फाटकाबाहेर पडले की लगेच आपल्या बोलीत यायचे आणि मी घरी पोचेपर्यंत गप्प असायची. आता मी एका शाळेत लहान मुलांना शिकवते, म्हणून ते मला ‘मिस’ म्हणतात. ड्रमरच्या घरचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. माकणी रस्त्याला त्यांचं मोठं पत्र्याचं गोडाऊन आहे आणि आमचं सगळं संगीत तिथंच झालं, कारण तिथं गाद्या आहेत. लग्नात भाड्यानं द्यायच्या गाद्या, उशा, लोड यांच्या छतापर्यंत थप्प्या. त्या थप्प्या चारी बाजूंनी लावून मधे उभं राहिलं, की बाहेरच्या ट्रॅक्टरचासुद्धा आवाज येत नाही. शहरात लोक असल्या खोलीसाठी काय काय खटपटी करतात. आम्हाला ती आयतीच मिळाली, फक्त लग्नसराई नसताना. तुळशीचं लग्न झालं की गाद्या भाड्यानं बाहेर जातात आणि उरलेल्या पत्र्याच्या डब्यात नुसता घुमारा उरतो. म्हणून आमचं रेकॉर्डिंग चातुर्मासात चालतं. गावात पोथी लागते तेव्हा आमचे ड्रम लागतात. हा अल्बम दोन चातुर्मासांत मिळून पुरा झाला.

मला माणसांसमोर गाता येत नव्हतं. कुणी तोंडाकडं पाहत असलं की माझा गळा आवळतो. गाद्यांच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा तो सुटला. तिघं माझ्या पाठीमागं वाजवायचे, मी समोरच्या फुलाफुलांच्या गादीला गाणं ऐकवायची. गाणीही तशीच, उनाड. एक वडापच्या, म्हणजे शिटा भरल्या की सुटणाऱ्या जीपवर होतं. लोहाऱ्याच्या स्टँडवर मी वर्षानुवर्षं जीपच्या मधल्या सीटवर खिडकीला चिकटून गप्प बसले आणि ड्रायव्हरांचं बोलणं ऐकलं, त्यातून ते आलं:

दोनच शिटा, ताई, दोनच शिटा,
मग सोडतो गाडी, कशाला तंटा!

दुसरं एका शेतकऱ्यावर होतं. तो शेतातली मोटार मोबाइलवरून चालू करतो. मोटारीला दिवसातून दहादा फोन लावतो, माहेरी गेलेल्या बायकोला लावायचा म्हटलं की त्याला रेंज नसते. जीपचं गाणं आम्ही आधी सोडलं आणि ते पसरलं. जीपवाले स्वतः ते वाजवू लागले. एकदा मी ज्या जीपमध्ये बसले होते तिच्यात ते लागलं. शेजारची बाई कडेवरच्या लेकराला त्या तालावर डोलवत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. आजवर मला कुणी दिलेलं कुठलंही बक्षीस त्या क्षणाइतकं गोड लागलेलं नाही.

पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. वडील नोकरीमुळं लातूरला असतात, घरातल्या मोठ्या गोष्टी तात्या ठरवतात. मी ‘मित्रमैत्रिणींत पेटी वाजवते’, एवढंच घराला माहीत होतं. आईला जास्त माहीत होतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी गुणगुणायची तेव्हा ती खालून हाक मारता मारता थांबायची. हे मी पाहिलं होतं. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

या प्रकाशनाला सांगायचं, असं मी ठरवलं होतं. सांगायचं म्हणजे समोर उभं राहून गायचं. हे मी तिघांना दिवाळीच्या आधीच म्हटलं होतं. गिटारवाल्यानं टाळी दिली होती. आरशासमोर, मग शाळेतल्या पहिलीच्या पोरांसमोर, मग शेजारच्या काकूंच्या झोपलेल्या सासूसमोर गाऊन मी स्वतःला तयार केलं होतं. सकाळी स्टेजवर माझ्यासाठी मधोमध माइकचा स्टँड मी स्वतः लावून घेतला होता.

ताट घेऊन मी गोडाऊनपुढच्या मंडपात आले तर स्टँड नव्हता.

आणि बातमी माझ्या आधी पोचली होती. तात्यांच्या पोटात चांगली गोष्ट राहत नाही. बायकांच्या बाजूला दोघी-तिघी आधीच बोलत होत्या.

“मशीन गातंय म्हणं गं.”

“अगं माय! मला वाटलं ही गाती.”

“ही? हिच्या तोंडातून नमस्कार निघंना, गाणं कुठलं निघतंय!”

मी त्यांच्यासमोर ताट धरून उभी होते. त्यातलीच एक कुंकू लावून घ्यायला कपाळ पुढं करून म्हणाली, “बरंच झालं बाई. पोरीच्या जातीचा आवाज गावभर जीपमधी वाजणं बरं दिसतंय का? मशीनचं काय, त्याला का लगीन करायचंय!”

मी कुंकू लावलं. अंगठा जरा जास्तच दाबला गेला असावा, ती “हळू गं” म्हणाली.

आई पहिल्या रांगेत बसली होती. तात्या तिच्यापाशी येऊन, थोडं लांब उभे राहून, तिच्याकडं न बघता सांगत होते, “ती गात न्हाय म्हणं. मशीन हाय ते.” आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “व्हय का.”

बस्स. व्हय का. बाकीच्यांचं मला काही वाटलं नव्हतं, म्हणजे रागाशिवाय काही वाटलं नव्हतं. ते दोन शब्द मात्र मला लागले. खालून हाक मारता मारता थांबणारी बाई ही. तिला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती.

मी ताट टेबलावर आपटलं आणि गोडाऊनमध्ये गेले. तिघं तिथंच होते. बेसवाला लोडावर बसून चिवडा खात होता. गिटारवाला आरशात केस बघत होता.

“माझा माइक कुठाय?” मी विचारलं.

“ए मिस, ऐक ना,” ड्रमर म्हणाला. “तात्या आले होते.”

“ऐकलंय मी. माइक कुठाय?”

“तू ऐकलंस? मग तुला कळायला पाहिजे. मी तुला वाचवलं.”

“कशापासून?”

“आता कशापासून म्हणजे काय! तुझी स्थळं बघायलेत. वाशीची माणसं येणारेत ना पुढच्या आठवड्यात? तुझी आईच आमच्या आईला म्हणली. तात्यांनी इथं राडा केला असता तर? प्रकाशन गेलं असतं, बँड गेला असता. मी काय वाईट केलं?”

“मला विचारलंस?”

“इचारायला टाइम होता का?”

“मी खुर्च्यांच्या मागं होते. दोन पावलांवर.”

मग गिटारवाला आरशातूनच म्हणाला, “मिस, तू उगंच मनाला लावून घ्यायलीस. एवढंच कर, आज फक्त कीबोर्ड वाजव. आवाज लॅपटॉपवरून सोडू. तसंही तुला लोकांसमोर भ्या वाटतं ना? सगळ्यांचंच काम सोपं झालं.”

“आणि उद्या?”

“उद्याचं उद्या बघू.”

उद्याचं उद्या बघू! मला तर उद्या स्पष्ट दिसत होता. आज हे सगळ्यांसमोर ठरलं की ठरलं. मग मी कधीही, कुठंही गायले, तर लोक म्हणणार की ही पोरगी त्या मशीनची नक्कल बरी करते. माझ्याच आवाजाची नक्कल करत मला या तालुक्यात जगावं लागणार. लग्नाची काळजी यांना, बँडची काळजी यांना, आणि गहाण कुणाचा गळा, तर माझा.

“तू काहीच बोलणार नाहीस का?” मी बेसवाल्याला विचारलं.

त्यानं घास गिळला. “मला न्हाय पटलं,” तो म्हणाला. “पण आता सांगून झालंय ना.”

हे त्याचं मत. चिवडा खात खात मांडलेलं. तिघांपैकी त्याचाच राग मला जास्त आला, कारण त्याला पटलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून हाका सुरू झाल्या. पाहुणे आले होते.

आमचं गाणं फोनवर येतं, हातात धरायला त्याचं काही नसतं. पण प्रकाशन म्हटलं की काहीतरी सोडावं लागतं, लाल फीत सोडल्याशिवाय आमच्याकडं काहीही प्रकाशित होत नाही. म्हणून ड्रमरच्या वडिलांनी एक पेन ड्राइव्ह चमकीच्या कागदात गुंडाळला होता. इवलासा पेन ड्राइव्ह हलका दिसेल म्हणून आत एक पुठ्ठ्याचा डबाही घातला होता. ते बोचकं चांदीच्या रंगाच्या ताटात, ताट माझ्या हातात. मंडप घरचा, स्टेज घरचं, त्यामुळं पाहुण्यांना बसायला नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा होता. तालुक्यातले एक मोठे पुढारी आणि माझे तात्या त्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते. एरवी मला हसू आवरलं नसतं.

त्या पुढारी पाहुण्यांनी फीत सोडली. कागद सुटेना तेव्हा दातानं फाडला. टाळ्या झाल्या. मोबाइलवर तालुक्याच्या बातम्या देणारा एक पत्रकार स्टेजसमोर वाकून चित्रण करत होता. त्यानं गिटारवाल्यासमोर माइक धरला.

“हे गाणारं सॉफ्टवेअर कुठलं म्हणायचं?”

वाटलं, आता तरी हा अडखळेल. तो जराही अडखळला नाही. “आमचंच आहे. आम्हीच विकसित केलंय. नाव अजून ठेवलेलं नाही.”

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर ताट धरून उभी होते. बारशाच्या वेळी आत्यानं माझ्या कानात सांगितलेलं नाव या माणसाला शाळेपासून पाठ होतं.

मग पाहुणे भाषणाला उठले. “मुंबई-पुण्याच्या पोरांना जमलं न्हाय,” ते म्हणाले, “ते आपल्या लोहाऱ्याच्या पोरांनी करून दाखवलं. मशीनला आपली बोली शिकवली! आवो, इथल्या माणसाला बाहेर गेल्यावर आपली बोली बोलायची लाज वाटती, आन् ह्यांनी मशीनला बोलाया लावलं. उद्या हेच मशीन शेतकऱ्याला सांगंल, पाऊस कवा, फवारणी कवा. ह्या तिन्ही पोरांचा मी सत्कार करतो.”

तिघांना शाली मिळाल्या, नारळ मिळाले. बेसवाल्यानं नारळ घेताना माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. पण नारळ घेतला. सूत्रसंचालन करणाऱ्यानं चिठ्ठी न बघता भर घातली, “आणि ताट धरणाऱ्या ताईंचेही मनापासून आभार.”

तेव्हा माझे हात तापले होते. भीतीनं नाही, रागानं. मला तो फरक पहिल्यांदा कळला. भीतीनं हात गार पडतात. हे गरम होते, आणि कानाच्या पाळ्याही.

सत्कारानंतर आम्ही वाजवायला बसलो. मी कीबोर्डमागं. गिटारवाल्यापुढं माइक होता, तो मधे मधे ‘हो’ आणि ‘चला’ म्हणतो त्यासाठी. ड्रमरनं लॅपटॉपचं बटण दाबलं आणि मंडपाच्या दोन्ही खांबांवरच्या मोठ्या स्पीकरमधून मी गाऊ लागले. दोनच शिटा, ताई, दोनच शिटा. मागच्या पोरांनी लगेच ठेका धरला. मी तोंड मिटून बसले होते आणि माझी बोटं माझ्याच आवाजाला साथ देत होती. माणसं माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती लॅपटॉपकडं बघत होती. एक आजोबा मान वाकडी करून त्याच्या झाकणामागं काय आहे ते बघत होते.

आमच्या त्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात एक हसू आहे. रेकॉर्डिंग चालू असताना बेसवाल्याचा धक्का लागून गाद्यांची एक अख्खी थप्पी त्याच्यावर कोसळली होती. तो दिसेनासा झाला, पण ढिगाखालून त्याचा बेस बरोबर तालात चालूच राहिला. मी वळून पाहिलं आणि गाता गाता फुटले. खळखळून, नाकातून आवाज काढत हसले आणि हसत हसतच ओळ पुरी केली. ते काढून टाकायला मी सांगितलं होतं. तिघांनी एकमतानं ठेवलं, म्हणाले, “हेच तर खरं गाणं आहे.”

मंडपात ते हसू आलं.

सोफ्यावरचे तात्या पुढं सरकले. “आरारारा!” ते पाहुण्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले. “आवो, मशीन हसायलंय बी!”

सगळा मंडप हसला. आई हसली नाही. आई थेट माझ्याकडं बघत होती. तिच्या घरात असं नाकातून हसणारं माणूस एकच आहे, आणि लहानपणापासून त्यावरून ती मला रागावत आलेली आहे. तिचे ओठ हलले. या वेळी तिनं पदर सारखा केला नाही, माझ्यावरची नजरही काढली नाही.

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या. पाहुणे बसल्या जागेवरूनच म्हणाले, “वा! ह्या मशीनला आनखी एक म्हणाया लावा की.”

“लावतो, साहेब,” ड्रमर म्हणाला आणि त्यानं लॅपटॉपकडं हात नेला.

मी उठले. कीबोर्डचा स्टूल मागं पडला, त्याचा आवाज झाला. मी गिटारवाल्यापाशी गेले. त्याला वाटलं, मला काहीतरी सांगायचंय, म्हणून त्यानं कान पुढं केला. मी त्याच्या खांद्यावरून हात नेऊन माइक स्टँडमधून काढला. “मिस, न्हाय हं,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मिस, वाशीची माणसं…” मी जाऊन लॅपटॉपचं झाकण लावलं. ड्रमरचा हात मधल्या मधे राहिला.

सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते, आणि समोर गाद्यांची भिंत नव्हती. घसा आवळत होता. तो आवळू दे, म्हटलं, त्यातूनच येईल ते येईल. मी सोफ्याकडं वळले. शाळेत शिकवताना बोलते तेवढ्याच आवाजात, पण थांबत थांबत मी बोलले.

“तात्या, तुम्हाला खोटं सांगितलं. ती गाणी मी लिहिलीत, मीच गायलीत, आत्ता हसले तीही मीच. मशीन-बिशीन काही नाही. वाशीच्या माणसांनाही हेच सांगा. पुढचं गाणं मी इथं उभी राहून म्हणणार आहे, ज्यांना उठून जायचंय त्यांनी आत्ताच जावं.”